व्यसनी मुलापर्यंत कोण जाणार?

(द्वितीय वर्ष कला)

'व्यसन करू नये' हे वाक्य आपण सर्वांनी शाळेच्या भिंतीवर वाचले आहे. व्यसनात सापडलेल्या मुलानेही ते वाचलेलेच असते. तेव्हा प्रश्न उपदेशाचा नाही. त्या मुलापर्यंत मदत घेऊन कोण व कसे जाणार, हा आहे.

दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. इतर सर्व नशांत मोठी माणसे पुढे आहेत. फक्त हुंगण्याच्या पदार्थांत मुले पुढे आहेत. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण १.१७ टक्के, तर मोठ्यांत ०.५८ टक्के आढळले. पंक्चरचे सोल्युशन, थिनर या वस्तू साध्या दुकानात मिळतात. रुमाल नाकाशी धरून बसलेली अशी मुले आमच्या वस्तीत मी पाहते. माझा धाकटा भाऊ त्यांच्याबरोबरच क्रिकेट खेळतो. आपण 'ड्रग्ज' घेतो असे या मुलांना वाटतच नाही. मग ती दवाखान्यात कशाला जातील? मदतच त्यांच्याकडे गेली पाहिजे.

'गर्द'च्या विळख्यातील तरुणांसाठी डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी मानतात. घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतात. आणि बरे झालेल्यांपैकी काहीजण कार्यकर्ते होऊन नव्यांना आधार देतात. जो स्वतः त्या खड्ड्यातून वर आला, त्याचे बोलणे पटते. मुलांच्या बाबतीत तर बरोबरीच्या मुलाचा शब्द वडीलधाऱ्यांच्या शब्दापेक्षा लवकर पोहोचतो.

अशी सेवा वस्तीत उभारताना वेळेचा विचार आधी हवा. गॅरेजवर राबणारा मुलगा सकाळी अकराला येऊ शकत नाही. केंद्र संध्याकाळी उघडे पाहिजे. मुलींसाठी वेगळी वेळ व स्त्री कार्यकर्ती हवी. आल्याबरोबर नाव-गाव विचारू नये. चहा द्यावा, ऐकून घ्यावे. व्यसन सुटून पुन्हा लागले, तरी दार बंद करू नये, कारण या आजारात तसे होतेच.

पोलिसांच्या भीतीनेही पुष्कळजण लपून राहतात. परंतु अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ६४ अ नुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. मात्र उपचार पुरे करावे लागतात. ही गोष्ट आईवडिलांना कोणी सांगतच नाही. १४४४६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांकही वस्तीत कोठे लिहिलेला दिसत नाही.

आपली एन. एस. एस. वर्षातून एकदा व्यसनमुक्तीची फेरी काढते. घोषणा देऊन आपण घरी परततो. ती मुले तेथेच राहतात. त्याऐवजी प्रशिक्षण घेऊन आठवड्यातील एक संध्याकाळ, वर्षभर, एकाच वस्तीत आपण दिली तर? तेवढे तर आपल्या हाती आहे.