पाखरांची ओळख आणि समाजाचे बळ

गरजूंस साह्य करणे हे आपल्या ट्रस्टचे मुख्य कार्य होय. त्याच्याच जोडीला, उद्याच्या पिढीस संकटात उभे राहण्याजोगी करणे हेही धर्मादाय कार्यच मानले जावे, असे आम्हांस वाटते. वह्या-पुस्तके वाटता येतात; परंतु सभोवारची झाडे, पाखरे व पाणी ओळखण्याची दृष्टी वाटता येत नाही. ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जावी लागते. ती कशी जाते, हे दोन उदाहरणांनी सांगू.

पक्षितज्ज्ञ सलीम अली (जन्म १८९६) यांचे आईवडील ते अगदी लहान असतानाच वारले. मुंबईस मामांच्या घरी वाढत असता त्यांनी हवेच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद चिटणीस मिलर्ड यांजकडे धाडले. मिलर्डसाहेबांनी पोराला वाटेस लावले नाही. पक्षी ओळखून दिला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखविली आणि वाचावयास पुस्तके दिली.

तोच मुलगा पुढे १९३१-३२ साली आपल्या हैदराबाद संस्थानात पक्ष्यांची पाहणी करावयास आला. मराठवाडा त्या काळी याच संस्थानात होता. कित्येक वर्षांनी पुण्याच्या चौदा वर्षांच्या माधव गाडगीळ या मुलाने त्यांस पत्र लिहिले : वेड्या राघूच्या शेपटीतली सुईसारखी पिसे का दिसत नाहीत? ती ठराविक काळात झडतात व पुन्हा उगवतात, असे उत्तर सलीम अलींनी तत्परतेने धाडले. गाडगीळ पुढे नामांकित परिसरशास्त्रज्ञ झाले. आपल्या भागातील वनस्पती व प्राणी यांची नोंदवही गावकऱ्यांनीच ठेवावी, हा विचार त्यांनी हिरिरीने मांडला. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये अशा नोंदवह्यांस आता स्थान मिळाले आहे.

दोन्ही प्रसंगी वडीलधाऱ्याने केले ते थोडेच. मुलाचा प्रश्न मनापासून ऐकला आणि पुढची वाट दाखविली. एवढ्यानेच एकाचे दुसऱ्यास व दुसऱ्याचे गावोगावच्या लोकांस लाभले.

अशा ओळखीचा संकटात काय उपयोग, असे कोणी विचारील. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुरात या शहरातील हजारो माणसे दगावली. अफझलगंजच्या एका चिंचेवर चढून सुमारे दीडशे जण वाचले, असे सांगतात. पुढे विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेण्यात आला व उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे तलाव बांधले गेले. तरीही ऑक्टोबर २०२० च्या पावसात तलाव भरून वाहिले आणि कित्येक वस्त्या पाण्याखाली गेल्या. धरणे बांधणे सरकारचे काम खरे. पण आपल्या गल्लीतले पाणी कोठून येते, कोणत्या नाल्याने जाते, कोठे तुंबते, हे तेथे राहणाऱ्यांनीच ओळखावयास हवे.

तारनाक्यास यासाठी फार दूर जावयास नको. उस्मानिया विद्यापीठाचे झाडाझुडपांचे विस्तीर्ण आवार शेजारीच आहे. मोठमोठ्या संशोधनसंस्थाही जवळ असल्याने निवृत्त जाणकारांची वाण नाही. सभासदांपैकी एकेका वडीलधाऱ्याने चार-पाच मुलामुलींस महिन्यातून एक सकाळ द्यावी. प्रत्येकाने एक झाड वर्षभर पाहावे : पालवी कधी फुटली, फूल कधी आले, कोणते पाखरू बसले. मृगापूर्वी सर्वांनी मिळून वस्तीतला नाला पायी पाहून यावा आणि सखल जागांचा नकाशा काढावा. सोबत पालक असावेतच.

यात आजीबाईंनाही मानाचे स्थान असावे. मराठी घरात जी चिंच, ती तेलुगू शेजारणीची चिंता आणि आमच्या उर्दूतली इमली. ही तिन्ही नावे विचारावयास गेलेले मूल तीन घरांचे उंबरे ओलांडते. पूर आला, वीज गेली, की दार ठोठावण्याइतकी ओळख आधीपासून असावी लागते. ती अशीच जडते. समाजाचे बळ म्हणतात ते हेच.

महोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टने असे एक लहानसे मंडळ सुरू करावे, अशी आमची विनंती आहे. खर्च म्हणाल तर वह्यांपुरताच. वेळ मात्र मनापासून द्यावा लागेल.