लेक दुसऱ्याचा, सांभाळ आपला

दुसऱ्याचे मूल सांभाळणाऱ्याचे यश कशात मोजायचे? ते मूल आपल्यासारखे झाले, की आपल्या पायांवर उभे राहिले? तंजावरचा मराठी राजा सरफोजी आणि त्याचा जर्मन पादरी पालक यांच्या कहाणीत या प्रश्नाचे उत्तर सापडते.

तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत पापनाशम लागते. भातशेतीने वेढलेल्या या गावात पालैवननाथर मंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळातले विटांचे मोठे धान्यकोठार आजही उभे आहे. सुगीत भरलेले कोठार सगळ्यांनाच दिसते. त्याची कसोटी मात्र दुष्काळात लागते. माणसाच्या मायेचेही तसेच आहे.

१७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने हा सुपीक कावेरीकाठ उजाड झाला. तंजावरात माणसे भुकेने मरू लागली. त्या वेळी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या पादऱ्याने तांदूळ मिळवून भुकेल्यांना खाऊ घातले. १७५० मध्ये भारतात आलेल्या या माणसाने लग्न केले नव्हते. तरीही एका मुलाची जबाबदारी त्याच्याकडे चालून आली.

चुकलेला पहिला निर्णय

१७८७ साली तंजावरचे राजे तुळजाजी आजारी पडले. पोटी वारस नव्हता. त्यांनी भोसले घराण्यातला दहा वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला आणि श्वार्ट्झला बोलावून, याला तुम्हीच सांभाळा, अशी गळ घातली.

श्वार्ट्झने नकार दिला. राजवाड्यातल्या भाऊबंदकीत एका परक्या पादऱ्याला मुलाचे रक्षण कसे जमणार, ही त्याची रास्त भीती होती. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांना पालक नेमावे, असे त्याने सुचवले.

हा सल्ला मुलाला महागात पडला. तुळजाजी वारले, दत्तकविधान अवैध ठरवले गेले आणि ईस्ट इंडिया कंपनीने अमरसिंहांनाच गादीवर बसवले. सरफोजी जवळजवळ कैदेत पडला. ना मोकळी हवा, ना शिक्षण.

एखादा हात झटकून मोकळा झाला असता. श्वार्ट्झ मात्र मद्रासच्या सरकारकडे तक्रारी करत राहिला. मुलाला शिक्षक मिळावा, त्याचे हाल थांबावेत, यासाठी त्याने पाठपुरावा केला. अखेर १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या विधवा राण्या यांना मद्रासला हलवण्यात आले. तिथे गेरिके या दुसऱ्या पादऱ्याच्या देखरेखीखाली मुलाचे शिक्षण सुरू झाले. दत्तकविधानाचा प्रश्नही पुन्हा पंडितांपुढे गेला आणि या वेळी ते वैध ठरले.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला. अंत्यसंस्काराला आलेला सरफोजी ढसाढसा रडला. त्यानंतर चार महिन्यांनी तो गादीवर बसला. तो दिवस पाहणे पालकाच्या नशिबी नव्हते.

हिशेबाच्या वहीत शून्य?

धर्मप्रसाराच्या वहीत पाहिले तर श्वार्ट्झचे अपयश उघड आहे. सरफोजी ख्रिस्ती झाला नाही. उलट १८०३ साली त्याने बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आपल्या भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. राजकारणाच्या वहीतही फारसे काही नाही. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, आसपासचा थोडा मुलूख आणि तनखा उरला.

मग हाती काय लागले? सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट झाली. देवनागरी छापखाना निघाला आणि त्यावर लहान मुलांसाठी इसापनीतीचे मराठी पुस्तक छापले गेले. वैद्यकासाठी धन्वंतरी महाल उभा राहिला.

सर्वांत बोलकी आहेत ती छत्रे, म्हणजे वाटसरूंसाठीची अन्नछत्रे आणि धर्मशाळा. १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात सरफोजीने त्यांचे काम सांगितले आहे. वाटसरू वाटेतच वारला, तर त्याची पोरकी मुले छत्रातल्या पंतोजींच्या हवाली केली जात. त्यांना जेवण आणि शिक्षण मिळे. गरोदर बायकांची बाळंतपणे तिथे जपून केली जात. गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणासाठीही या हिंदू राजाने मदत केली.

ज्याला कुणीतरी सांभाळले होते, तो आता इतरांना सांभाळत होता. श्वार्ट्झच्या समाधीसाठी सरफोजीने स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या. त्यात त्याने त्याला पिता म्हटले आहे.

आजच्या घरांसाठी

हा धडा आज जगभरच्या बालसेवी संस्था, त्यात अनेक ख्रिस्ती संस्थाही, नव्याने गिरवत आहेत. संस्थेत किती मुले राहतात, या आकड्याला एके काळी यश म्हणत. संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. केवळ गरिबीपायी मूल आईबापांपासून तोडू नये, त्याऐवजी कुटुंबाला आधार द्यावा, असे ती सांगतात. महाराष्ट्रातली बालसंगोपन योजनाही याच विचाराची आहे. तिच्यातून मिळणाऱ्या दरमहा मदतीमुळे मूल नातेवाइकांच्या घरी वाढू शकते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने फॉस्टर केअरची, म्हणजे दुसऱ्या कुटुंबात मुलाला सांभाळण्याची, वाट ठेवली आहे.

अशा घरात आलेले मूल लगेच हसेलच असे नाही. ते खोटे बोलेल, जेवण लपवून ठेवेल, स्वतःच्या आईची आठवण काढून रडेल. कधी ते परत आपल्या घरी जाईल आणि सांभाळणाऱ्याचा उंबरठा सुना होईल. तेव्हा आपण हरलो असे वाटते. पण आई सावरली आणि मूल तिच्याकडे गेले, तर त्या घराने आपले काम पूर्ण केलेले असते. आपल्या हातून चूक झाली, तर ती सुधारेपर्यंत मुलाची पाठ सोडू नये, एवढे मात्र आपल्या हाती असते.

तंजावरच्या चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचे एक संगमरवरी शिल्प आहे. सरफोजीनेच ते करवून घेतले. मरणशय्येवर म्हातारा पादरी आहे आणि त्याचा हात हातात घेऊन जवळ उभा आहे मराठी राजा. दोघांचे धर्म शेवटपर्यंत वेगळे राहिले. हात मात्र सुटला नाही.