हजार पौंड आणि हुंडणावळ



माझी शाळा सातवीत सुटली. हिशेब शिकलो तो कामगारांची पगारपत्रके तपासता तपासता. म्हणून आजचा विषयही तसाच मांडतो: किती, कोणाला, आणि कोणाच्या खिशातून.

भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत २०१४ साली किमान पेन्शन दरमहा १,००० रुपये ठरले. उद्या महागाई वाढली तर त्या हजाराचे काय, याची तजवीज मात्र केली नाही. इंग्रजी अमदानीत असाच प्रश्न दुसऱ्या एका हजाराविषयी निघाला होता. तो हजार पौंडांचा होता, आणि त्याची तजवीज फार काळजीने झाली.

इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला साहेब नोकरीची वर्षे भरून विलायतेला परतला, की त्याला सालीना १,००० पौंड मिळत. पौंड सोन्याचा, आपला रुपया चांदीचा. रयत कर भरी रुपयांत. पेन्शन, रजेचा पगार, कर्जाचे व्याज लंडनात द्यावे लागे पौंडांत. एका नाण्याचे दुसरे करण्याचा जो भाव, तीच हुंडणावळ. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ २ शिलिंग येत, म्हणजे हजार पौंडांना सुमारे १०,००० रुपये पुरत. पुढे जर्मनीने सोन्याचे चलन धरले, अमेरिकेच्या खाणींतून चांदी वाहू लागली, आणि चांदी उतरली. १८९४-९५ साली रुपयाला १३ पेन्सच येऊ लागले. त्याच हजार पौंडांना आता सुमारे १८,४६० रुपये! साहेबाच्या पेन्शनीला ओरखडाही गेला नाही. वरचे साडेआठ हजार कोणी भरले?

भाईंदरची मिठागरे आपणां सर्वांना ठाऊक आहेत. १८८८ च्या जानेवारीत सरकारने मिठावरची जकात मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये केली. ब्रह्मदेशाचा खर्च हे एक कारण होते. हुंडणावळीतली खोट हे दुसरे. कोळणीच्या घरात काय, कुणब्याच्या घरात काय, मीठ लागतेच. ती वाढ १९०३ पर्यंत उतरली नाही.

जे साहेब अजून नोकरीत होते त्यांची कुरकूर निराळी होती. पगार रुपयांत, पण बायकामुले विलायतेत. १८९३ साली त्यांना हुंडणावळीची भरपाई मंजूर झाली: निम्मा पगार, १,००० पौंडांच्या मर्यादेत, रुपयाला १८ पेन्स धरून पाठवता येईल, बाजारभावाशी पडणारा फरक खजिना सोशील. त्याच कचेरीतल्या हिंदी कारकुनाला यातले काही नव्हते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे या भत्त्यावर टीका केली. माझ्या दृष्टीने हा सरळ महागाई भत्ताच. मुंबईच्या गिरणी कामगाराला तो मागण्यासाठी १९४० साली संप करावा लागला. साहेबाला अर्ज पुरला.

१८९३ च्या जूनमध्येच टांकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या. रुपये कमी पडून त्यांचा भाव चढावा, हा हेतू. पुढे तो १६ पेन्सांवर बसला, पौंडाला १५ रुपये. खजिन्याचा भार हलका झाला खरा, पण शेतकऱ्याच्या बायकोचे तोडे-वाळे आता टांकसाळीत नेऊन वजनाचे रुपये मिळेनात. चीन चांदीवरच राहिल्यामुळे तिकडे सूत विकणाऱ्या आपल्या गिरण्यांनाही झळ लागली.

स्वराज्य आल्यावरही हा हिशेब मिटला नव्हता. १९४८ साली भारताने लंडनात साठलेल्या आपल्या स्टर्लिंग शिलकेतून या पेन्शनींसाठी मोठी रक्कम ब्रिटनला एकदमच मोजून दिली. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन होऊन पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेला. इथल्या जुन्या आय. सी. एस. अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींना घटनेच्या ३१४ व्या कलमाचे संरक्षण होते. १९७२ साली २८ व्या घटनादुरुस्तीने ते कलम काढून टाकले.

ऐंशी वर्षांत या हजार पौंडांसाठी जकात वाढली, टांकसाळी बंद झाल्या, घटनेत कलम आले. आमच्या संघटनेच्या कचेरीत दर महिन्याला कोणी ना कोणी म्हातारा बँकेचे पुस्तक घेऊन येतो आणि विचारतो, "दादा, आकडा तोच कसा?" मी त्याला योजनेचा मजकूर वाचून दाखवतो. तिथे महागाईविषयीचे कलमच नाही.