निरोप ताटापर्यंत कसा पोहोचतो

मावळ हा भाताचा तालुका. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेलं इंद्रायणी वाण १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आलं आणि आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत तो तांदूळ मावळच्या नावावर विकला जातो. पावसाळ्यात आंदर, नाणे आणि पवन या तिन्ही मावळांत रानात टाकळा, कुर्डू, भारंगी उगवते, ओढ्यांत खेकडे आणि बारीक मासे मिळतात. लोणावळा-खंडाळ्याला तर मुंबईची माणसं कित्येक पिढ्या हवापालटासाठी, प्रकृती सुधारायला येत आली. तरीही याच तालुक्यात, ठाकर-कातकरी वस्त्यांवर आणि महामार्गालगतच्या भाड्याच्या खोल्यांतही, अंगणवाडीच्या वजनकाट्यावर वयाच्या मानाने हलकी भरणारी मुलं आहेत.

शिवारात अन्न असतं, पण ते बाळाच्या वाटीत हवं तेव्हा आणि हवं तितकं पडत नाही. हे अंतर कमी करण्यासाठी गेली पन्नास वर्षं आपण मुख्यतः एक मार्ग धरला, तो म्हणजे सांगण्याचा. सरकारी भाषेत आता त्याला सामाजिक व वर्तन बदल संवाद म्हणतात. या पन्नास वर्षांत काय साधलं आणि काय राहिलं, याचा हा मागोवा.

फलकांचा काळ

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. अंगणवाडीची कल्पना मात्र त्याआधीची आणि आपल्याकडची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ती घडवली. मुलं शाळेत येत नसतील तर शाळेनं त्यांच्या अंगणात जावं, हा त्यांचा विचार होता. योजनेनं अंगणवाडी उचलली, सहा सेवांमध्ये पूरक आहारासोबत पोषण व आरोग्य शिक्षणही घातलं. त्या शिक्षणाचा रोख मात्र बरीच वर्षं उलटा राहिला. ते माणसांच्या अंगणात जाण्याऐवजी माणसांना भिंतीवरच्या फलकापुढे उभं करत होतं.

‘चौरस आहार घ्या’ हा त्या काळाचा मुख्य संदेश. १९८२ पासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय पोषण सप्ताह साजरा होऊ लागला. भाषणं झाली, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. यात वाईट काही नव्हतं. पण भातावर जगणाऱ्या घरातल्या बाईला ‘चौरस’ म्हणजे आज चुलीवर नेमकं काय शिजवायचं, हे त्यातून कळत नव्हतं. आणि ऐकायला बसवलेली बाई बहुधा घरातली सर्वांत धाकटी सून असे. बाळाला पहिल्या दिवशी काय चाटवायचं, तिनं बाळंतपणात काय खायचं, दूध डेअरीला किती घालायचं आणि घरात किती ठेवायचं, यातलं काहीच तिच्या हातात नसे.

याच काळात दुसऱ्या बाजूनेही संवाद चालला होता आणि तो फार प्रभावी होता. पावडरच्या डब्यावरचं गुटगुटीत बाळ आईला सांगत होतं की तुझं दूध कमी पडतं. त्याला आवर घालायला १९९२ साली कायदा करावा लागला. बाळाच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांची जाहिरात, मोफत नमुने आणि डब्यावरची बाळांची चित्रं त्यानं बंद केली. वर्तन फक्त उपदेशानं बदलत नाही, बाजाराला लगामही लागतो, हे इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

गावातलीच बाई सांगते तेव्हा

महाराष्ट्रातच याहून वेगळी वाट पडत होती. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी गावागावांतून बायका निवडल्या. बहुतेक जणी शिकलेल्या नव्हत्या, अनेकजणी दलित होत्या. गर्भारपणात पोटभर खावं, बाळाला लवकर पाजावं, हे डॉक्टरांपेक्षा त्या बायकांनी सांगितलेलं गावाला पटलं, कारण त्यांनी ते आधी स्वतःच्या घरात केलं होतं. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. त्या घरी जात, नवजात बाळाचं वजन करत, आईला अंगावर पाजायला मदत करत, बाळ ऊबदार ठेवायला शिकवत. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्या कामात औषधंही होती. पण घरी जाऊन, त्याच वेळी, हाताला धरून केलेली मदत हा त्याचा गाभा होता. २०११ पासून आशाताई देशभर नवजात बाळाच्या घरभेटी करतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

मावळापासून फार लांब नसलेल्या, पुणे जिल्ह्यातल्याच सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवतींचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळं अधिक भरलेली जन्मत, असं २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं. त्याच गावांतला दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गर्भारपणात शेतातली कष्टाची कामं आणि पाणी भरणं जितकं जास्त, तितकी बाळं लहान. म्हणजे ‘दोन घास जास्त खा’ हा निरोप सुनेला देऊन भागणार नव्हतं. ‘तिची घागर दुसऱ्या कुणीतरी उचला’ हा निरोप नवऱ्याला, सासूला आणि दिराला द्यायला हवा होता. तो पुढे फार थोड्या वेळा दिला गेला.

मिशनची वर्षं

२००१ साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं राज्यातल्या बालमृत्यूंचं खरं प्रमाण समोर ठेवलं आणि महाराष्ट्र हादरला. मराठवाड्यात विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन खात्यांना एकत्र कामाला लावलं होतं. त्या प्रयोगातून २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. कुपोषणासाठी असं मिशन काढणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

मिशननं सुरुवात साध्या गोष्टीपासून केली, ती म्हणजे प्रत्येक मुलाचं खरं वजन. कमी वजनाची मुलं कागदावर दाखवली तर ठपका येईल ही भीती अंगणवाडीताईंच्या मनातून काढावी लागली. पुढे ग्राम बाल विकास केंद्रं आली. तीव्र कुपोषित मुलाला महिनाभर अंगणवाडीतच दिवसातून अनेक वेळा खाऊ घालायचं आणि आईनं तिथे येऊन ते पाहायचं, करायचं. मला हा सगळ्या प्रवासातला मोठा वळणबिंदू वाटतो. इथे सांगणं आणि करणं एकाच जागी आलं. घट्ट शिजवलेला आहार थोडा थोडा, पुन्हा पुन्हा दिला की तेच मूल खातं आणि काटा पुढे सरकतो, हे आईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं.

मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात भर पहिल्या हजार दिवसांवर, म्हणजे गर्भधारणेपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या काळावर आला. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपणाचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं. २०१२ च्या राज्यव्यापी सर्वेक्षणात ते सुमारे २३ टक्क्यांवर आलेलं दिसलं. जगभरातल्या अभ्यासकांनी महाराष्ट्राकडे पाहिलं. या यशात रस्ते, दवाखान्यातली बाळंतपणं, मुलींचं शिक्षण यांचाही वाटा होता. पण खात्यांनी एकत्र येऊन एकाच वयोगटावर लक्ष दिलं, हे नाकारता येत नाही.

पेज आणि मऊ भात

तरीही एक गाठ सुटलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पहिले सहा महिने फक्त आईचं दूध मिळणाऱ्या बाळांचं प्रमाण २०१५-१६ मधल्या सुमारे ५७ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७१ टक्क्यांवर गेलं. गुटी, मध, वरचं पाणी यांच्या बाबतीत निरोप पोहोचला, हे त्यावरून दिसतं. मात्र सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पुरेसा आणि विविध आहार मिळणारी मुलं दहा टक्क्यांच्या आतच आहेत. पाच वर्षांखालचा खुजेपणा त्या दोन पाहण्यांमध्ये ३४ वरून ३५ टक्क्यांवर, म्हणजे जागच्या जागी राहिला.

असं का, हे मावळच्या स्वयंपाकघरात पाहिलं की कळतं. भाताच्या मुलखात बाळाचं पहिलं अन्न पेज. ती पातळ, सहज गिळता येणारी आणि पोट चटकन भरणारी. पण बाळाचं पोट लहान. ते पाण्यानंच भरलं तर शक्ती कशातून मिळणार? त्याच तांदळाचा चमच्यावरून ओघळणार नाही असा घट्ट मऊ भात, त्यात डाळ, कुस्करलेली पालेभाजी, चमचाभर तेल किंवा तूप, जमेल तेव्हा अंडं किंवा काटे काढलेली मासळी. सगळं घरचंच. सात-आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा, नंतर तीन-चार वेळा. ‘चौरस आहार’ या शब्दांत जे कधी पोहोचलं नाही, ते पेज आणि मऊ भात शेजारी ठेवून दाखवलं तर पाच मिनिटांत समजतं. अंगणवाडीत सहा महिन्यांच्या बाळाचं उष्टावण करतात, तेव्हा हे दाखवण्याची संधी असते. डोहाळजेवण, उष्टावण हे आपले घरगुती विधी पोषण अभियानात आले, ही २०१८ नंतरची चांगली भर. त्या निमित्तानं सासू, आत्या, शेजारीण सगळ्या येतात आणि निर्णय घेणारं घर समोर बसलेलं असतं.

पण दिवसातून चार वेळा भरवायला वेळ लागतो, आणि जून ते ऑगस्ट मावळातल्या बाईकडे तोच नसतो. भातलावणीत ती दिवसभर चिखलात वाकलेली असते, बाळ आजीकडे किंवा सात वर्षांच्या ताईकडे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तितके महिने त्यांच्या वस्तीवरची अंगणवाडी त्यांच्यासाठी नसल्यासारखीच. आदिवासी गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ साली आली. ती अनुसूचित क्षेत्र डोळ्यांपुढे ठेवून आखलेली; पुणे जिल्ह्यात ते क्षेत्र जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आहे, मावळात नाही.

लोणावळ्याच्या बाजूला अडचण निराळी आहे. द्रुतगती मार्गानं पर्यटक आणले, त्यांच्यामागे कणीस, भजी, वडापावच्या टपऱ्या आल्या, बंगल्यांवर कामं आली. बाईच्या हाती रोख पैसा आला, ही चांगलीच गोष्ट. पण शनिवार-रविवार ती टपरीवर उभी असते आणि रडणाऱ्या मुलाच्या हातात पाच रुपयांचं पाकीट जातं. ते प्रत्येक दुकानात टांगलेलं असतं, शिजवावं लागत नाही आणि मूल गप्प होतं. पोषण महिन्याची एक प्रभातफेरी त्या रोजच्या मोहापुढे काय करणार? ज्या गावाची गूळ-शेंगदाण्याची चिक्की देशभर जाते, तिथल्या मुलाच्या खिशात तरी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा असावा, यासाठी त्या पाकिटाइतकंच सोपं, स्वस्त आणि हाताशी असलेलं काही दुकानात आणि अंगणवाडीत ठेवावं लागेल.

निरोप देणारीचं काय?

या सगळ्याचा भार जिच्यावर आहे तिच्याकडेही पाहिलं पाहिजे. अंगणवाडीताई वजनं घेते, शिकवते, आहार वाटते, सर्वेक्षणं करते, आणि आता मोबाइलवर माहिती भरते. २०२१ साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन चालत नव्हते आणि माहिती भरायचं ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप मराठीत नव्हतं. मराठी बायकांशी बोलण्याचं काम जिच्याकडे, तिला इंग्रजीत हिशेब द्यायला लावणं हे संवादाचं काम समजलंच नसल्याचं लक्षण होतं. घरभेटीला लागणारा अर्धा तास नोंदीत जात असेल तर तो बाळाच्या वाटीतून कमी होतो.

पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना मला एक गोष्ट निःसंशय वाटते. जिथे निरोपासोबत साधन आलं, तिथे वागणं बदललं: दवाखान्यात परिचारिकेनं बाळ छातीशी लावलं, ग्राम बाल विकास केंद्रात शिजलेलं अन्न समोर आलं, आरोग्यदूत घरी गेली. जिथे निरोप एकटाच गेला, तिथे तो आईवरचा ठपका होऊन बसला. तुला सांगितलं होतं, तू केलं नाहीस, असा.

मावळापुरतं बोलायचं तर पुढचं काम स्पष्ट आहे. लावणीच्या तीन महिन्यांत वस्तीवर पाळणाघर आणि तिथे बाळांना दुपारचा घट्ट आहार. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाची नोंद तिथल्या जवळच्या अंगणवाडीत, नाव कमी न करता. मावळातल्या बायकांनी चालवलेल्या दूध संकलनातून गावातल्या अंगणवाडीसाठी रोज काही लिटर राखून ठेवणं. आणि गर्भवतीच्या घरी गेल्यावर पहिलं बोलणं तिच्या नवऱ्याशी: पाणी कोण भरतं, ती जेवते कधी, तिच्या ताटात अंडं पडतं का. यातलं काहीच आवाक्याबाहेरचं नाही. ग्रामपंचायतीच्या निधीत, ग्रामसभेच्या ठरावात आणि तालुक्याच्या दोन खात्यांच्या एका बैठकीत ते बसतं. भाताच्या तालुक्यातलं मूल हलकं राहू नये एवढी मागणी आपण आपल्या गावात, आपल्या तोंडानं, दर ग्रामसभेत करायला हवी.