पत्ता सांगणाराच गप्प

पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटणे नवे नाही. मग रक्ताच्या अहवालांची भिस्त ईमेलवर. तोही अडतो: मेलबॉक्स शाबूत, पण त्याचा पत्ता सांगणारे नेमसर्व्हर गप्प. पाठवणारा सर्व्हर साधारण ४-५ दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. प्रयोगशाळेला मात्र वाटते, अहवाल पोचला. सिकलसेलच्या पक्क्या निदानाला हा उशीर चालेल. फॅल्सिपेरम मलेरियात लघवी थांबलेल्या रुग्णाच्या क्रिएटिनिनला नाही.

‘असे नावच नाही’ असे उत्तर आले, तर पत्त्याचे स्पेलिंग तपासावे. उत्तरच नसेल, तर नेमसर्व्हर किंवा वाटेतले नेटवर्क बंद. दोन्ही नेमसर्व्हर एकाच इमारतीत, एकाच केबलवर असले, तर दुसरा असून नसल्यासारखा. तातडीचा आकडा फोनवरच सांगावा. ऐकणाऱ्याने तो परत वाचून दाखवावा.