पंप पाणी ओढत नाही, हवा ढकलते



बोटीच्या तळात पाणी साचलंय, पंप फिरतोय, पण पाणी काही वर येत नाही. अशा वेळी आपण आधी पंपाला दोष देतो. खोट बऱ्याचदा पाईपात असते. का, ते समजून घेऊया.

हवेलाही वजन असतं. समुद्रसपाटीला ती दर चौरस सेंटीमीटरवर साधारण १ किलो वजनाइतकी दाबते. हा दाब सगळीकडून सारखा असतो म्हणून जाणवत नाही. एका बाजूची हवा काढली की त्याचं बळ दिसतं.

जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहराचे नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके यांनी हवा काढायचा पंप बनवला होता. सुमारे अर्धा मीटर व्यासाचे तांब्याचे दोन अर्धगोल त्यांनी एकमेकांना भिडवले आणि आतली हवा काढून घेतली. १६५७ साली त्यांच्या गावात दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, तरी ते सहजी सुटेनात. ना स्क्रू, ना डिंक! आत हवा सोडली की मात्र ते हातानं वेगळे होत. हिशेब केला तर एवढ्या गोलाला बाहेरची हवा सुमारे २ टन वजनाइतक्या जोरानं धरून ठेवू शकते.

आपला पंपही हेच करतो. तो पाईपातली हवा काढतो, मग बाहेरची हवा साचलेल्या पाण्यावर दाबते आणि पाणी पाईपात चढतं. शहाळ्याच्या नळीला वर भोक पडलं तर कितीही ओढा, तोंडात हवाच येते. तसंच हे.

म्हणून १ ऑगस्टला बंदी उठून बोटी समुद्रात जाण्याआधी एवढं बघून घ्या:

• सक्शन पाईपात पाणी भरा. कुठं ठिबकलं तर पाणी उपसताना तिथूनच हवा शिरणार. क्लिप आवळा, चिरलेला तुकडा बदला.
• सक्शनला साधा मऊ पाईप लावू नका. बाहेरची हवा त्याला चेपून टाकते. आत तार असलेलाच घ्या.
• पंप पाण्यापासून फार उंच बसवू नका. हवा पाण्याला फार तर १० मीटर चढवते, प्रत्यक्षात ६-७ मीटरच धरा.

भर समुद्रात पाणी उपसलं गेलं नाही तर बोटीसकट माणसं धोक्यात येतात. आपल्या तांडेलांना आणि खलाश्यांना हे जरूर वाचून दाखवा.