कपाशीच्या पेशीतील प्रथिननिर्मिती

कारंजा लाडच्या परिसरातील शेतकऱ्यास बीटी कपाशी परिचित आहे. परंतु मातीतील एका जंतूचे प्रथिन कपाशीच्या पानात कसे निर्माण होते, याचा उलगडा पेशीच्या कार्यपद्धतीतच करावा लागतो.

केंद्रकातील डीएनएची लिपी ए, टी, जी व सी या चार अक्षरांची आहे. जनुकातील मजकुराची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, केंद्रकाबाहेर येते. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि वाहक आरएनए प्रत्येक त्रिकास अनुरूप असे अमिनो अम्ल आणून देतो. अशा अम्लांची साखळी म्हणजेच प्रथिन होय. ६४ त्रिकांपैकी ६१ त्रिके २० अमिनो अम्लांची निदर्शक असून उरलेली ३ समाप्तीची खूण होत. हा संकेत उलगडण्याच्या कार्याबद्दल हरगोविंद खोराना यांना निरेनबर्ग व होली यांच्यासमवेत १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा संकेत जंतू व वनस्पती यांना समान आहे. म्हणूनच जंतूचे जनुक कपाशीस वाचता येते. तथापि एकाच अम्लासाठी अनेक त्रिके असतात, व प्रत्येक जीवाची पसंती निराळी असते. जंतूच्या मूळ जनुकात ए व टी यांचे प्राचुर्य असल्याने वनस्पतीत प्रथिन अत्यल्प निर्माण होई. शास्त्रज्ञांनी अम्लांचा क्रम राखून वनस्पतीस मानवणारी त्रिके योजिली, तेव्हा प्रथिन विपुल मिळू लागले.

हे प्रथिन बोंडअळीच्या आतड्यातील कॅडहेरिन नामक प्रथिनास चिकटते. पुढे आतड्याच्या पेशींना छिद्रे पडून अळी मरते. भारतात या कपाशीस २००२ मध्ये, व दोन जनुकांच्या वाणास २००६ मध्ये मान्यता मिळाली. परंतु अळीही प्रथिने याच रीतीने घडविते. भारतातील प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळ्यांत कॅडहेरिनच्या संदेशाची जुळणी बिघडून समाप्तीची खूण अकाली येते, असे २०१४ मध्ये दिसून आले. चिकटावयास जागाच न उरल्याने विष निष्प्रभ ठरते. २०१७ मध्ये विदर्भात दोन जनुकांच्या कपाशीवरही या अळीने मोठी हानी केली.

शेताच्या कडेस बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावण्याचे मर्म यातच आहे. तेथे वाढलेल्या साध्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर झाल्यास संततीस कॅडहेरिनचे एक शाबूत जनुक मिळते, आणि ती बहुधा विषास बळी पडते. या ओळी गाळणे म्हणजे अळीच्या बिघडलेल्या संदेशास मोकळे रान देणे होय.